अनोळखी दुवा आणि झाकली मूठ

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा सुवाच्य अक्षर किंवा मुलांचे पाठांतर असा आमच्या हातखंड्याचा एखादा विषय ते नेमून देतील, अशी आमची अपेक्षा होती. परंतु विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. आणि आम्ही जो निवडला तो आमच्या विद्येचा नसून आमच्या फजितीचा आहे. आम्ही जुन्या अकरावीचे, सन १९७३ चे मॅट्रिक. प्राथमिक शाळेत ३९ वर्षे मुले शिकवून सन २०१५ मध्ये निवृत्त झालो. संगणकाच्या शास्त्राचा आम्हांस गंधही नाही. तेव्हा येथे जे सांगावयाचे ते तज्ज्ञ म्हणून नव्हे. पुढच्यास ठेच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हांस लागलेली ठेच मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपल्या हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे या सभेतील अनेकांस ठाऊक आहे. पूर्वी त्यासाठी बँकेत समक्ष जाऊन सही करावी लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' नावाची सोय सुरू केली, तेव्हापासून तो यंत्राच्या साहाय्यानेही देता येतो. आमची प्रकृती जुन्या वळणाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही बँकेत पायी गेलो, सही केली, आणि आणखी एक वर्ष जिवंत राहण्याची कागदोपत्री परवानगी मिळाल्याच्या समाधानाने घरी परतलो.

त्यानंतर आठव्या दिवशी, दुपारी वामकुक्षी आटोपून उठतो तोच फोनवर एक ई-मेल आलेला दिसला. माथ्यावर राजमुद्रा होती. खाली मजकूर होता की आपला हयातीचा दाखला अमान्य ठरला आहे, चोवीस तासांच्या आत खालील दुव्यावर आपली माहिती भरावी, अन्यथा निवृत्तिवेतन स्थगित करण्यात येईल. दुवा म्हणजे ज्यास आपली मुले 'लिंक' म्हणतात ती निळी ओळ. ज्या मजकुरात शुद्धलेखनाच्या दोन ढोबळ चुका होत्या, तो मजकूर वाचून आमच्यासारख्या जन्मभर लाल शाई चालविलेल्या माणसाने शंका घ्यावयास हवी होती. पण निवृत्तिवेतन हा शब्द डोळ्यांपुढे आला की व्याकरण मागे पडते. आम्ही त्या निळ्या ओळीवर बोट ठेवले.

पांढरे पान उघडले. मध्ये एक चक्र गरगर फिरू लागले. मग एक चौकट आली, तिच्यात काहीतरी उतरवून घेण्याबद्दल विचारले होते. आम्ही गडबडून दोन-तीन ठिकाणी बोटे दाबली. त्यांपैकी होकार कोणता आणि नकार कोणता, हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. पान पुन्हा पांढरे झाले, आणि त्या क्षणी आमच्या ध्यानात आले की आपण फसलो असण्याचा संभव आहे.

जुन्या लोकांना तारेचे स्मरण असेल. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. परंतु त्यापूर्वी दारात तारवाला उभा राहिला की पाकीट फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. आमची अवस्था तशीच झाली. नेमके काय घडले हे न कळता आमचे मन सर्वनाशापर्यंत जाऊन पोहोचले. रात्री फोन हातास गरम लागला, तेव्हा वाटले की कोणी आत बसून काम करीत आहे. बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरली असा भास झाला. फोनमधला कॅमेरा आपणांस पाहतो आहे या शंकेने आम्ही तो उपडा ठेवला, मग रुमालात गुंडाळला, आणि अखेर लोखंडी कपाटात धोतरांच्या घडीखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून घंटा वाजू लागली. "अहो, फोन कपाटात कशाला ठेवला?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नास आम्ही दिलेले उत्तर खरे नव्हते, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

ही गोष्ट आमच्या एकट्याच्या पैशापुरती असती तर आम्ही ती या व्यासपीठावर आणली नसती. आपणांस विदित आहे की गेली सहा वर्षे संघाच्या विद्यार्थी साहाय्यक निधीचे खजिनदारपद आपण आमच्याकडे विश्वासाने सोपविले आहे. त्या निधीच्या खात्याचा व्यवहार करतेवेळी जो ओटीपी, म्हणजे क्षणभराच्या उपयोगाचा गुप्त आकडा, बँकेकडून येतो तो आमच्याच फोनवर येतो. ज्या पैशांतून यंदा २३ मुलामुलींची शुल्के भरली गेली, ज्यात कोणी मातेच्या स्मरणार्थ हजार रुपये घातले आहेत आणि कोणी मुलाच्या पहिल्या पगारातील पाचशे, त्या पैशांची किल्ली त्या फोनमध्ये होती. आणि तो फोन कपाटात ठेवून आम्ही तीन दिवस मौन पाळले. अध्यक्षांस सांगितले नाही, चिटणीसांस सांगितले नाही, घरातही सांगितले नाही. दुव्यावर बोट पडणे ही चूक होती. ती कोणाच्याही हातून होईल. परंतु ते मौन हा आमचा दोष होता, आणि आजच्या भाषणात आम्हांस खरोखर त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्रूच्या बाबतीत ही म्हण खरी असेल. परंतु या प्रकरणात मूठ झाकून ठेवली तर ती आतल्या आत रिकामी होत जाते, कारण चोरास हवा असतो तो वेळच. आम्ही लाजेने जो वेळ घालवितो तो त्याच्या पदरात पडतो.

चौथ्या दिवशी बाजारपेठेतील मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी. चौथीत असताना त्याने पाटी फोडली आणि आमच्या भीतीने दोन दिवस ती दप्तरात लपवून ठेवली होती. पाटी फोडल्याबद्दल आणि लपविल्याबद्दल अशी दोनदा शिक्षा आम्ही त्यास केली होती. त्या दिवशी फुटकी पाटी घेऊन आम्ही त्याच्यापुढे उभे होतो, हे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. त्याने मात्र स्टूल पुढे केले, चहा सांगितला, आणि फोन हातात घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले.

"गुरुजी, त्या पानावर तुम्ही काही लिहिलंत का? पासवर्ड, खात्याचा नंबर, ओटीपी?"

आम्ही म्हणालो, नाही.

"कुठलं ॲप बसवलंत का?"

आम्ही म्हणालो, ठाऊक नाही.

"मेसेज वाचायची, स्क्रीन दाखवायची, कसली परवानगी दिलीत का?"

आम्ही पुन्हा म्हणालो, ठाऊक नाही.

"मग बघू या," तो म्हणाला. "नुसतं दारातून आत डोकावलं म्हणून घर जात नाही. किल्ली दिली तर जातं."

त्याने आमच्यादेखत जे केले ते आम्ही वहीत उतरवून घेतले. उतरवून घेतलेल्या जिनसांच्या, म्हणजे डाउनलोडच्या, कप्प्यात त्यास एक फाईल सापडली. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे होती. ती एका ॲपची गाठोडी होती. दारात येऊन पडलेली, परंतु न सोडलेली. ती त्याने पुसून टाकली. मग फोनवरील सर्व ॲपांची यादी आम्हांस वाचावयास लावली आणि प्रत्येकाची ओळख विचारली. जे ओळखीचे नव्हते ते काढले. संदेश वाचण्याची आणि 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी कोणाकोणास आहे ते पाहिले. ही दुसरी परवानगी वास्तविक दृष्टी अधू असलेल्यांच्या सोयीसाठी आहे. परंतु ती लबाडाच्या ॲपास मिळाली तर पडद्यावरील सारे ते वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. त्यानंतर थकलेले अपडेट पुरे केले. शेवटी, आमच्या फोनवरून नव्हे तर दुकानातील संगणकावरून, ई-मेलचा पासवर्ड बदलविला, अन्य सर्व यंत्रांवरून आमचे खाते बाहेर काढले, आणि दुहेरी पडताळणी सुरू केली. एवढ्या कामास पाऊण तास लागला. आमचे तीन दिवस आणि तीन रात्री पाऊण तासात मिटल्या.

आता त्याने जे समजावून सांगितले आणि आम्ही मागाहून वाचून पडताळले, ते थोडक्यात निवेदन करतो. अद्ययावत ठेवलेल्या फोनवर नुसत्या दुव्यास बोट लागल्याने बहुधा अनर्थ होत नाही. फोनमधील प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असते. एका खोलीतून दुसरीत जाण्यास आपली परवानगी लागते. दुवा उघडला म्हणजे पलीकडच्यास एवढे कळते की हा पत्ता जिवंत आहे, यंत्र साधारण अमुक जातीचे आहे, आणि हा गृहस्थ घाबरून बोट ठेवणारा आहे. यापुढे अशी पत्रे अधिक येतील हे खरे. पण खाते लुटावयाचे तर त्यास तीनपैकी एक गोष्ट आपल्या हातूनच करवून घ्यावी लागते: गुप्त आकडा लिहविणे, ॲप बसविविणे, किंवा परवानगी मिळविणे.

यास अपवाद नाहीत असे नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अहमद मन्सूर या मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यास फोनवर एक संदेश आला. तुरुंगांतील छळाची गुप्त माहिती पाहावयाची असल्यास दुवा उघडा, असा त्याचा आशय होता. त्याने तो न उघडता कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या 'सिटिझन लॅब' या संस्थेकडे पाठविला. तपासात निघाले की त्यावर केवळ बोट ठेवले असते तरी त्याचा आयफोन परस्वाधीन झाला असता. परंतु तेथेही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. असे हत्यार अतिशय महाग असते, आणि ते निवडक माणसांवर रोखले जाते. निवृत्त मास्तरावर कोणी ते खर्ची घालीत नाही. दुसरे असे की त्या फोनच्या कंपनीने त्याच महिन्यात अपडेट काढून ती फट बुजविली. 'अपडेट करा' अशी सूचना आपण कंटाळून दूर सारतो, ती बहुधा अशीच कोठली तरी फट बुजविण्यासाठी आलेली असते. पावसाळ्यापूर्वी कौले फेरावी तसे हे काम आहे.

फसविण्याची युक्ती मात्र यंत्राची नसून मनाची आहे. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेल्या एका ई-मेलाने जगभरातील लाखो संगणक बिघडविले. त्याच्या माथ्यावर एवढेच लिहिले होते की माझे तुझ्यावर प्रेम आहे. लोकांनी सोबतचे पत्र उघडले आणि अनर्थ झाला. तेथे प्रेम होते, आमच्याकडे निवृत्तिवेतन होते. कोठे वीज तोडण्याची धमकी असते, कोठे अडकलेले पार्सल. भय, लोभ आणि घाई या तिघांखेरीज या ठकांजवळ चौथे भांडवल नाही. म्हणून जे पत्र आपणांस घाई करते, त्याच्यापुढे आपण मुद्दाम सावकाश व्हावे.

दुव्याचा पत्ता वाचण्याची एक साधी रीत आहे. ती आम्ही आता सर्वांस शिकवितो. टपालाच्या पत्त्यात गाव आणि जिल्हा शेवटी असतो, त्याप्रमाणे इंटरनेटच्या पत्त्यातही खरे गाव शेवटी असते. आरंभीच्या जोड तिरप्या रेघा सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा भाग घ्यावा, आणि तो उजवीकडून वाचावा. 'जीवनप्रमाण डॉट जीओव्ही डॉट इन' येथे जो पत्ता संपतो तो सरकारी. पण त्याच्याच पुढे आणखी एक टिंब देऊन परके नाव आणि 'डॉट कॉम' जोडले असेल, तर सरकारचे नाव केवळ दारावरची पाटी होय, घर दुसऱ्याचेच. बँकांचे पत्ते ओळखता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने सन २०२५ मध्ये सर्व बँकांस आज्ञा केली की त्यांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचा पत्ता घ्यावा. तरीही सर्वांत उत्तम रीत हीच की आलेल्या दुव्याने जाऊच नये. बँकेचे किंवा सरकारचे दार आपण आपल्या हाताने उघडावे, नाहीतर समक्ष जाऊन विचारावे.

आणि पैसे गेलेच तर? तर पहिल्या घटकेत १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा गृहखात्याच्या व्यवस्थेतील राष्ट्रीय मदतीचा क्रमांक आहे. तक्रार लवकर पोहोचली तर पैसे ज्या खात्यात गेले तेथे ते अडवून धरण्याचा प्रयत्न करता येतो. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' येथेही तक्रार नोंदविता येते. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असले तरी, त्याने बँकेस कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावे. म्हणजे सांगण्याच्या क्षणापासून जबाबदारीची रेघ बदलते. न सांगणाऱ्याच्या बाजूने कोणताच नियम उभा राहत नाही.

आमची हकीकत आम्ही प्रथम घरी, मग अध्यक्षांस आणि मग चार ओळखीच्या घरी सांगितली. तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध ज्ञातिभगिनी, ज्यांचे नाव आम्ही कधीही उच्चारणार नाही, आमचे बोलणे ऐकून गप्प झाल्या आणि मग पदराने डोळे टिपू लागल्या. वीज तोडण्याच्या धमकीवरून त्यांनी एक ॲप बसविले होते. त्यांच्या पतीच्या पश्चात साठविलेले ८४,००० रुपये गेले. त्यांनी ते अकरा दिवस कोणास सांगितले नाही. आम्ही विचारले, "ताई, का बरे?" त्या म्हणाल्या, "मुलगा म्हणेल, आईला काही कळत नाही, फोन काढून घ्या. मग नातवंडांशी बोलायचं कसं?" पैशापेक्षा त्यांना हे भय मोठे होते. अकराव्या दिवशी तक्रार झाली तेव्हा पैसे कितीतरी खात्यांतून पुढे निघून गेले होते. ते अद्याप परत मिळालेले नाहीत.

म्हणून तरुण मंडळींस आमची हात जोडून विनंती आहे. घरातील वडीलधारे माणूस फोन घेऊन तुमच्याकडे आले आणि "जरा बघ रे, माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं," असे म्हणाले, तर पहिले वाक्य "तुम्हाला किती वेळा सांगितलं" हे नसावे. ते वाक्य एकदा उच्चारले गेले की पुढच्या वेळी ते माणूस तुमच्याकडे येत नाही. फोन कपाटात जातो. आम्ही ३९ वर्षे मुलांस हेच वाक्य ऐकविले, आणि पाट्या दप्तरांत लपल्या. आमच्या त्या विद्यार्थ्याने आम्हांस ते ऐकविले नाही, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. तुम्ही पहिले वाक्य असे म्हणा की, सांगितलंत ते बरं केलंत.

निधीविषयी निवेदन करणे आमचे कर्तव्य आहे. चौथ्या दिवशी सायंकाळी आम्ही अध्यक्षांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. पाचव्या दिवशी चिटणीसांसह बँकेत गेलो, खात्याचा पासवर्ड बदलला आणि मागील महिन्याची प्रत्येक नोंद ताळ्याशी पडताळून पाहिली. एक रुपयाही कमी नाही. परंतु नुकसान झाले नाही म्हणून दोष झाला नाही असे होत नाही. त्याच सभेत आम्ही खजिनदारपदाचा राजीनामा पुढे ठेवला. कार्यकारी मंडळाने तो स्वीकारला नाही. त्याऐवजी दोन नियम केले, ते आपल्या माहितीसाठी सांगतो. यापुढे निधीतून पैसे काढण्यास एका फोनवरील आकडा पुरणार नाही, दुसऱ्या पदाधिकाऱ्याची संमती बँकेत नोंदविलेली असेल. आणि संघाच्या कामाचा फोन ज्याच्याकडे आहे, त्याने अशी काही शंका येताच, दिवस असो वा रात्र, तासाभराच्या आत दुसऱ्या पदाधिकाऱ्यास कळवावे. कळविणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. दुसरा नियम अध्यक्षांनी आमच्याकडे पाहत वाचला. आम्ही मान खाली घालून तो लिहून घेतला.

ज्ञातिसंस्था कशासाठी, असे आजची मुले विचारतात. वधूवर-सूचना आणि शिष्यवृत्त्या यांहून तिचे आणखी एक प्रयोजन असावे असे आम्हांस वाटते. आपल्या हातून झालेली चूक जेथे निर्धास्तपणे सांगता येईल, असे चार घरांपलीकडचे एक मोठे घर म्हणजे ही संस्था. आज आम्ही आपली मूठ आपल्यापुढे उघडली आहे. सभा संपल्यावर ज्या कोणास आपली उघडावयाची असेल, त्याने आमच्याशेजारी येऊन बसावे. आमची वही आणि ते तीन प्रश्न आमच्याजवळ आहेत.

आपणां सर्वांस दीर्घायुष्य लाभो, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आपण स्वतः आपल्या पायांनी जाऊन देवोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.